आधी बत्तीस मोजा: क्लबमध्ये डीजे व्हायचंय त्यांच्यासाठी

डीजे शिकतेय असं घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “म्हणजे गणपतीत ट्रॉलीवर भिंती लावतात ते?” तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नाही, स्पीकरची भिंत. कोल्हापूर-सांगलीकडे तिलाच डॉल्बी म्हणतात. मी ज्या डीजेबद्दल लिहितेय तो क्लबच्या कोपऱ्यात दोन प्लेअर आणि एका मिक्सरमागे उभा असतो. एक गाणं संपायच्या आत दुसरं असं आणायचं की नाचणाऱ्याचं पाऊल अडखळू नये, आणि हे तासन्‌तास करत राहायचं, एवढंच त्याचं काम. ऐकायला सोपं वाटतं.

मी पुण्यात शिकले आणि कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर या भागात वाजवते. त्याआधी काही वर्षं ढोल-ताशा पथकात होते. माझा निम्मा अभ्यास तिथेच झाला होता, हे मला फार उशिरा कळलं.

काही विकत घेण्याआधी

आधी क्लबमध्ये जा, पण सगळे जातात त्या वेळी नाही. रात्री नऊला जा, फ्लोअर रिकामा असतो तेव्हा. डीजेचे हात दिसतील अशी जागा धरा आणि तास-दीड तास नुसतं बघा. हात वर करून उड्या मारणारा डीजे तुम्ही रील्समध्ये पाहिला असेल. इथे दिसेल तो बहुतेक वेळ मान तिरकी करून, हेडफोनची एक बाजू कानाला लावून पुढचं गाणं ऐकत असतो आणि मधूनमधून लोकांच्या पायांकडे बघतो. चेहऱ्यांकडे नाही, पायांकडे. बसल्या जागी पाय हलायला लागले की तासाभरात फ्लोअर भरणार, हे जुन्या डीजेंना कळतं.

मग त्याच क्लबमध्ये गुरुवारी जा आणि शनिवारीही जा. एक दिवस बॉलिवूड-पंजाबी-हिपहॉप, म्हणजे ज्याला सगळे ‘कमर्शिअल’ म्हणतात ते. दुसऱ्या दिवशी कदाचित हाऊस किंवा टेक्नो, म्हणजे एकसारख्या ठेक्यावर चालणारं इलेक्ट्रॉनिक संगीत. ही दोन वेगळी कामं आहेत. कमर्शिअलमध्ये गाणी पटापट बदलतात, दीड-दोन मिनिटांत पुढचं. हाऊस-टेक्नोमध्ये एकेक मिक्स, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात जाणं, दोन दोन मिनिटं चालतो. पुण्या-मुंबईत पैसे मिळवून देणारं काम माझ्या अनुभवात जास्त करून कमर्शिअलचं आहे. गोव्यात वागातोर-अंजुण्याच्या बाजूला चित्र वेगळं. दोन्ही शिका, पण सुरुवात हाऊसपासून करा. कारण सांगते पुढे.

सामान

सुरुवातीला दोन चॅनेलचा कंट्रोलर (दोन प्लेअर आणि मिक्सर एकाच पेटीत), लॅपटॉप आणि हेडफोन एवढं पुरतं. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ नवशिक्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो, तीस-पस्तीस हजारांच्या घरात येतो, आणि तो जोडला की रेकॉर्डबॉक्स हे सॉफ्टवेअर वेगळे पैसे न भरता चालतं. हर्क्युलिसचे छोटे कंट्रोलर त्याहून स्वस्त. मी पायोनियरकडे झुकते त्यात ब्रँडचं प्रेम नाही: बहुतेक क्लबांत सीडीजे प्लेअर आणि डीजेएम मिक्सर त्याच घरचे असतात (कंपनीचं नाव आता अल्फाथीटा), त्यामुळे बटणं सापडायला वेळ लागत नाही. सेकंड हँड घेणार असाल तर दोन्ही फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) सावकाश वर-खाली करून आवाजात खरखर येते का बघा, आणि जॉग व्हील (गाणं पुढे-मागे ढकलायची गोल चकती) दोन्ही बाजूंना फिरवून बघा.

हेडफोनवर मात्र काटकसर करू नका. कानावर घट्ट बसणारा, एक बाजू वळवता येणारा हवा. सेनहायझरचा एचडी २५ जगभरच्या बूथमध्ये, म्हणजे डीजेच्या जागेत, दिसतो तो याच कारणाने. ब्लूटूथ हेडफोन चालत नाही; आवाज उशिरा पोचतो आणि बीट जुळवणं अशक्य होतं. मोठे स्पीकरही घेऊ नका. सोसायटीत राहत असाल तर का ते सांगायला नको.

दोन डेक, म्हणजे दोन प्लेअर कशाला, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये कूल हर्क नावाच्या तरुणाने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. गाण्यातला फक्त ड्रमचा तुकडा आला की लोक पेटतात, हे त्याने हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवायचा. आज बटण दाबून आपण लूप लावतो, ते काम तो हाताने करत होता.

गाणी कुठून आणायची

यूट्यूबवरून उतरवलेली गाणी घरी चालतात, क्लबमध्ये उघडी पडतात. वरच्या पट्टीतला आवाज कापलेला असतो; फोनवर कळत नाही, मोठ्या सिस्टिमवर झांजा पाण्याखालून आल्यासारख्या वाटतात. ३२० केबीपीएसची एमपीथ्री किंवा वेव्ह, एआयएफएफ फाइल घ्या. पाच मिनिटांची ३२०ची फाइल साधारण १२ एमबीची असते. ४ एमबीची असेल तर काहीतरी गडबड आहे. हाऊस-टेक्नोसाठी बीटपोर्ट आणि बँडकॅम्प, कमर्शिअलच्या रीमिक्ससाठी महिन्याचे पैसे भरून चालणारे रेकॉर्ड पूल (डीजेंना गाणी पुरवणाऱ्या साइट). स्ट्रीमिंगच्या भरवशावर गिगला, म्हणजे क्लबमध्ये वाजवायला, जाऊ नका. तळघरातल्या क्लबमध्ये रेंज नसते.

पहिल्या तीन महिन्यांत शंभर गाणी पुरे. पण ती शंभर अशी पाठ हवीत की शब्द कुठे सुरू होतात, मधला शांत भाग कुठे येतो, शेवटी नुसता ठेका किती वेळ चालतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यावं. हार्ड डिस्कवर दहा हजार गाणी असलेले आणि पुढचं कोणतं लावू म्हणून घामाघूम झालेले डीजे मी पाहिलेत.

बत्तीस

आता मुख्य गोष्ट. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

नाचायचं बहुतेक संगीत चार बीटच्या आवर्तनात चालतं आणि आठ आवर्तनं झाली, म्हणजे बत्तीस बीट झाले, की गाण्यात काहीतरी बदलतं. हाय-हॅट (ड्रममधली झांज) येते, बेस येतो, गाणारी सुरू होते, नाहीतर सगळं थांबून बिल्डअप, म्हणजे ताण चढवत नेणारा भाग, चालू होतो. ज्यांनी तबला ऐकलाय त्यांना हे पटकन समजेल: केरव्याच्या आठ मात्रा चारदा मोजल्या की बत्तीस, आणि त्यानंतरचा पहिला बीट ही सम. पथकात ताशाने इशारा दिला की चाळीस ढोल एकाच ठोक्यावर हात बदलतात. कोणी सांगत नाही आता बदला म्हणून; सगळ्यांच्या अंगात ते आवर्तन चालू असतं. डीजेच्याही अंगात तेच चालू हवं.

म्हणून पहिले दोन आठवडे कंट्रोलर उघडूच नका. हाऊसचं एक गाणं लावा, बोटांच्या पेरांवर बत्तीस मोजा, समेवर टाळी द्या. १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२८ बीटच्या, गाण्यात बत्तीस बीट बरोबर १५ सेकंदांत होतात. बसमध्ये मोजा, भांडी घासताना मोजा. काही दिवसांनी मोजावं लागत नाही, सम येण्याआधीच मानेला कळते. हाऊसपासून सुरुवात करा म्हटलं ते यासाठीच: त्यात ठेका सरळ असतो आणि गाण्याच्या दोन्ही टोकांना नुसता ठेका मुद्दाम ठेवलेला असतो, मिक्स करणाऱ्यासाठी.

नवशिक्याचं मिक्स खटकतं ते बहुतेक वेळा बीट जुळले नाहीत म्हणून नाही, तर सम जुळली नाही म्हणून. बीट तंतोतंत जुळलेत, पण एक गाणं विसाव्या बीटवर आहे आणि दुसरं पहिल्या. मग एकाचा ड्रॉप, म्हणजे बिल्डअपनंतर ठेका जोरात परततो ती जागा, दुसऱ्याच्या शब्दांच्या अधेमधे येऊन पडतो. लोकांना काय चुकलं ते सांगता येत नाही. ते फक्त ड्रिंक घ्यायला जातात.

बीट जुळवणं

समजा डावीकडे १२४ बीपीएमचं गाणं चालू आहे आणि उजवीकडे १२६ चं आणायचंय. उजव्या डेकचा क्यू दाबून ते फक्त हेडफोनमध्ये ऐका. टेम्पो स्लायडर (वेग बदलायची पट्टी) साधारण उणे १.६ टक्क्यांवर आणा. पहिल्या बीटवर जॉग धरून ठेवा, डावीकडच्या समेची वाट बघा, सम आली की सोडा. आता एका कानात बाहेरचं, एका कानात आतलं. दोन्ही किक (ड्रमचे जड ठोके) एकावर एक बसले तर एकच जाड ठोका ऐकू येतो. नाही बसले तर टप-टप, टप-टप, घोडा दौडतोय असा आवाज येतो.

नवं गाणं पुढे पळतंय की मागे राहतंय, हे सुरुवातीला कोणालाच कळत नाही. अंदाजाने जॉग एका बाजूला किंचित ढकला. टप-टप वाढली तर दिशा चुकली, उलट ढकला. जुळलं आणि थोड्या वेळाने पुन्हा सुटलं तर जॉगला हात लावून उपयोग नाही, स्लायडरच जरासा हलवायला हवा. ०.१ बीपीएमचा फरक राहिला तरी दोन मिनिटांत एका किकपासून दुसरी जवळपास १०० मिलिसेकंद लांब जाते, आणि मग लक्ष्मी रोडवर दोन पथकं समोरासमोर आल्यावर जे होतं ते फ्लोअरवर होतं.

मग आपोआप बीट जुळवणारं सिंक बटण कशाला आहे? वापरा, खुशाल वापरा, त्यात कमीपणा नाही. पण सिंक चालतं ते सॉफ्टवेअरने आखलेल्या बीटग्रिडवर, आणि आपल्याकडच्या गाण्यांत ती आखणी हमखास फसते. सत्तरच्या दशकातलं हिंदी गाणं स्टुडिओत सगळे वादक एकत्र बसून वाजवायचे. लय अंतऱ्याला थोडी चढते, मुखड्याला उतरते. बऱ्याच कोळीगीतांचा ठेका सहाच्या हिशेबाचा, तो चारच्या हाऊसवर कधी बसणारच नाही. ८५ बीपीएमचं हिपहॉप सॉफ्टवेअर १७० दाखवतं. अशा वेळी कान लागतो. पहिले तीन महिने स्क्रीनवरचे आकडे आणि लहरी कागदाने झाका. माझ्या लॅपटॉपवर अजून त्या चिकटपट्टीचा डाग आहे.

बेस, गेन आणि सूर

दोन गाण्यांचे बेस एकाच वेळी चालू ठेवू नका. आतड्यात ढवळल्यासारखा गदारोळ होतो. येणाऱ्या गाण्याचा लो नॉब (बेस कमी-जास्त करणारा) पूर्ण खाली ठेवून फेडर हळूहळू वर घ्या, म्हणजे आधी फक्त झांजा आणि वरचे आवाज मिसळतात. मग समेवर, एका बीटात, जुन्याचा लो खाली आणि नव्याचा वर. एवढ्या एका हालचालीने ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी घडलं. जे काही ‘भारी मिक्स’ म्हणून लोक ओरडतात, त्यातलं निम्मं हेच असतं.

गेन म्हणजे आवाज वाढवायचा नॉब नव्हे. प्रत्येक गाणं वेगळ्या पातळीवर बनलेलं असतं, ते एका पातळीला आणण्यासाठी तो आहे. मीटर हिरव्याच्या टोकापर्यंत, फार तर केशरी. लाल नाही. लालमध्ये गेलात की आवाज मोठा होत नाही, फाटतो. बरेचदा क्लबच्या सिस्टिमचा लिमिटर तो दाबून आणखी चपटा करतो.

सुराचं थोडक्यात: सॉफ्टवेअर गाण्याची पट्टी ८ए, ९बी अशी दाखवतं. ८ए नंतर ८ए, ७ए, ९ए किंवा ८बी बहुतेक वेळा गोड जुळतं. दोन गाण्यांतले गाणारे एकमेकांवर आणू नका, मग पट्टी काहीही असो. हा नियम मोडण्याइतका चांगला मिक्स मी अजून फार वेळा ऐकलेला नाही.

कमर्शिअलमध्ये मात्र ९५ च्या पंजाबी गाण्यावरून १२४ च्या हाऊसवर जावं लागतं आणि तिथे जुळवत बसण्यात अर्थ नसतो. चालू गाण्याच्या शेवटच्या शब्दावर एको (प्रतिध्वनी) लावा, फेडर खाली, आणि नवं गाणं समेवर सरळ सोडा. अशी पाच-सहा वळणं पाठ ठेवा.

रोज तास-दीड तास सराव, आणि आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग, न थांबता, चुकलं तरी. ते लगेच ऐकू नका. दोन दिवसांनी रिक्षात ऐका.

पेन ड्राइव्ह

क्लबमध्ये लॅपटॉप क्वचितच लागतो; रेकॉर्डबॉक्समधून पेन ड्राइव्हवर गाणी एक्स्पोर्ट करायची आणि प्लेअरला लावायची. ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. माझ्या पहिल्याच गिगला मी नवाकोरा ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये घेऊन गेले. तिथला जुना प्लेअर तो वाचेचना. दार उघडायला वीस मिनिटं, मॅनेजर घड्याळाकडे बघतोय. तिथल्या रेसिडेंट, म्हणजे कायमच्या, डीजेने, एका शब्दाने न बोलता, आपला ड्राइव्ह काढून दिला आणि मी तासभर दुसऱ्याची गाणी वाजवली. तेव्हापासून माझ्याकडे एकसारखे दोन ड्राइव्ह असतात, एक खिशात आणि एक बॅगेत.

फोल्डर प्रकाराप्रमाणे न करता वेळेप्रमाणे करा. माझ्याकडे ‘दार उघडलं’, ‘पाय हलतायत’, ‘भरला’, ‘वाढदिवस’ आणि ‘दिवे लागायच्या आधी’ असे आहेत. अंधारात ‘डीप हाऊस ३’ पेक्षा हे लवकर सापडतं. प्रत्येक गाण्याला पहिल्या बीटवर, शब्दांच्या सुरुवातीला आणि बाहेर पडायच्या जागी क्यू पॉइंट (थेट तिथे पोचायची खूण) घरीच लावून ठेवा.

पहिली गिग

ती मिळते ओळखीतून. ज्या क्लबमध्ये तुम्ही महिनोन्‌महिने नऊला येऊन उभे राहिलात, तिथला रेसिडेंट एक दिवस आजारी पडतो किंवा त्याला सुरुवातीचा तास नको असतो. त्याला मेसेजमध्ये लिंक पाठवण्यापेक्षा समोर जाऊन बोला, सेट संपल्यावर, चालू असताना नव्हे. घरचा एखादा अर्ध्या तासाचा चांगला मिक्स मिक्सक्लाउडवर ठेवलेला असू द्या. इन्स्टाग्रामवर दुसऱ्यांची गाणी म्यूट होतात.

पहिला तास म्हणजे वॉर्म-अप, आणि त्यात नव्वद टक्के नवशिके एकच चूक करतात: रिकाम्या फ्लोअरवर रात्री बाराची गाणी वाजवतात. मीही केली. मागून येणाऱ्या डीजेकडे मग काही उरत नाही, आणि तो ते लक्षात ठेवतो. नऊला आवाज एवढाच हवा की टेबलावरच्यांना ओरडावं लागू नये. ११० ते ११८ बीपीएम, गाणारे कमी. त्या रात्रीची गाजलेली गाणी तुमची नाहीत, ती मुख्य डीजेची.

बूथमध्ये उभं राहिल्यावर आधी बूथ मॉनिटरचा, म्हणजे डीजेजवळच्या स्पीकरचा, नॉब शोधा. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. समोरचा स्पीकर दहा मीटरवर असेल तर त्याचा ठोका तुमच्या कानाशी सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. त्यावर बीट जुळवलात तर फ्लोअरवर ते चुकलेलं असेल. जवळच्या मॉनिटरवरच जुळवा.

आणि एकदा तरी तुम्ही चुकीच्या डेकचं बटण दाबाल. सगळे दाबतात. माझ्या वेळी चार सेकंद पूर्ण शांतता झाली. बारमधल्या शेकरमध्ये बर्फ आपटत होता तो मला स्पष्ट ऐकू आला. अशा वेळी मान खाली घालून गाणं पुन्हा लावू नका. दुसरं, मोठं गाणं समेपासून सोडा. लोकांना वाटतं मुद्दाम केलं.

फर्माईश येणारच. फोनच्या स्क्रीनवर गाण्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहून कोणीतरी तो तुमच्या तोंडासमोर धरेल. “ताई, एक लावा ना, बहिणीचा वाढदिवस आहे.” नाही म्हणू नका, कधी लावणार तेही सांगू नका. हसून मान डोलवा. गाणं जुळणारं असेल तर वीस मिनिटांनी लावा आणि त्या टेबलाकडे बघा. नसेल तर तोवर त्यांचा केक आलेला असतो.

पैसे आणि कान

एखाद-दुसरी गिग फुकट करायला हरकत नाही. तिकीट लावलेल्या रात्री फुकट वाजवू नका. तारीख, वेळ, रक्कम, कोणते प्लेअर आहेत, रद्द झालं तर काय, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि निम्मे पैसे आधी यूपीआयने. मुलींनी घरी परतायच्या गाडीचंही त्यातच ठरवून घ्यावं. मी घेते, आणि कोणी आजवर नाही म्हटलेलं नाही. गाणी सार्वजनिक ठिकाणी वाजवण्याचे पीपीएल, आयपीआरएस या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने क्लबच्या मालकाने घ्यायचे असतात, पण आहेत ना, एवढं विचारून ठेवा.

कानांचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. ८५ डेसिबलला आठ तास चालतात. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये अशा जागांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० ही कमाल मर्यादा सांगितली आहे. तुम्ही तिथे चार तास असता. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते आवाज कमी करतात पण रंग घालवत नाहीत. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर पुढच्या गिगला बूथचा नॉब खाली.

सेट संपला की घाईत ड्राइव्ह ओढू नका. तुमचं शेवटचं गाणं अजून त्यावरूनच वाजत असतं. पुढच्याचं गाणं फ्लोअरवर पूर्ण आलं, तुमचा फेडर खाली गेला, की मग काढा. ईक्यूचे (लो, मिड, हाय) सगळे नॉब मध्यावर, इफेक्ट बंद, हेडफोनची वायर गुंडाळा आणि बूथमधून बाहेर या. तुमची बाटली सोबत घ्या. मिक्सरवर ठेवलेल्या ग्लासाइतका राग डीजेला दुसऱ्या कशाचा येत नाही.